लाकडाच्या बिलाची एकशेवीस रूपं, आणि त्यातली आत्ता हवी तेवढीच कशी तपासायची

मागच्या व्हिडिओत आपण पायटेस्टमध्ये फिक्स्चर कसं लिहायचं ते पाहिलं. या वेळी त्याच्याच पुढची गोष्ट. एका फिक्स्चरला चार-पाच व्हॅल्यू दिलेल्या आहेत, आणि आत्ता त्यातल्या एक-दोनच घेऊन टेस्ट चालवायच्या आहेत. कसं करायचं? कोड व्हिडिओत स्क्रीनवर आहेच, थांबवून उतरवून घ्या. इथे त्यामागचा हिशेब सांगतो, कारण व्हिडिओत तो घाईघाईत होतो.

उदाहरण आपल्या लकडगंजचंच घेऊ. नागपूरचं सागवान दिल्लीच्या नव्या संसद भवनात लागलं, हे आपण कौतुकानं सांगतो. पण टालीवरचा रोजचा गल्ला चालतो तो दाराच्या चौकटी, फळ्या, प्लायवूड, पॅकिंगची खोकी आणि जळाऊ लाकूड यांवर. समजा अशा एका टालवाल्यासाठी आपण पायथॉनमध्ये बिलाचं छोटं सॉफ्टवेअर केलंय. छोटं म्हणजे किती छोटं? मोजून बघू.

माल पाच प्रकारचा: गोल लाकूड, चिरलेलं लाकूड, प्लायवूड, खोकी, जळाऊ. गिऱ्हाईक तीन राज्यांतलं: महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड. जीएसटीच्या भाषेत २७, २३ आणि २२. तारखा दोन: २१ सप्टेंबर २०२५ आणि २२ सप्टेंबर २०२५, कारण त्या रात्री दर बदलले. आणि रकमा चार: ५०,०००, ५०,००१, १,००,००० आणि १,००,००१. पाच गुणिले तीन गुणिले दोन गुणिले चार, झाले १२०. बिल एकच, रूपं एकशेवीस.

आता कोणी म्हणेल, एवढं कशाला? चिरलेल्या लाकडाचं एक बिल करून बघितलं, बरोबर आलं, झालं की! नाही ना जी. एकेक बाजू बघा.

मालापासून सुरू करू. गोल आणि चिरलेल्या लाकडावर १८ टक्के, २२ सप्टेंबरच्या आधीही आणि नंतरही. प्लायवूडचंही तेच. पण लाकडी खोकी, क्रेट यांच्यावर आधी १२ टक्के होते, ते ५ झाले. आणि हे झालं केव्हा? अंबिया बहाराची संत्री यायच्या तोंडावर, म्हणजे खोक्यांची मागणी असते तेव्हाच. त्या आठवड्यात सॉफ्टवेअरनं एक लाखाच्या खोक्यांवर जुना दर लावला, तर बिलात ७,००० रुपये जास्त. जास्त घेतलेला कर दुकानदाराला ठेवता येत नाही, तो सरकारकडे भरावाच लागतो. म्हणजे फायदा कोणाचाच नाही आणि गिऱ्हाईक नाराज ते वेगळंच. जळाऊ लाकडावर कर शून्य. त्याला टॅक्स इन्व्हॉइससुद्धा नाही, बिल ऑफ सप्लाय द्यायचं असतं. म्हणजे छापायचा कागदच बदलला.

मोजमापही वेगळं. चिरलेली फळी असेल तर लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, गुणाकार करून १४४ नं भागायचं. १० फूट लांब, ६ इंच रुंद, ३ इंच जाड म्हणजे १.२५ घनफूट. गोल ओंडक्याला मात्र गोलाई मोजायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीनं गुणायचं आणि मग १४४ नं भागायचं. ४८ इंच गोलाई, १२ फूट लांबी: बारा बारा १४४, गुणिले १२, भागिले १४४, म्हणजे १२ घनफूट. गणिताच्या पुस्तकातलं सिलिंडरचं सूत्र लावलं तर तोच ओंडका सव्वापंधरा घनफुटाच्या वर जातो. बाजारात चालतं ते पहिलं सूत्र. इंजिनिअरिंगचा नवा मुलगा बिचारा दुसरं लिहितो, आणि त्याचं गणित चुकलेलंही नसतं!

राज्याची बाजू. माल महाराष्ट्रातच पोचणार असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, अर्धा-अर्धा. सिवनी किंवा राजनांदगावला जाणार असेल तर आयजीएसटी. एकूण टक्के तेवढेच, म्हणून चूक पटकन नजरेत येत नाही. पण २ लाखांच्या मालावर ३६,००० रुपये चुकीच्या डोक्याखाली भरले, तर कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे योग्य कर पुन्हा भरायचा आणि आधीचा परत मागायचा. व्याज लागत नाही हे खरं, पण ३६,००० अडकून पडतात. छोट्या टालीला तेवढ्यात एक खेप येते.

आणि रकमेची बाजू. राज्याबाहेर माल चालला आणि किंमत ५०,००० च्या वर गेली की ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. इथे किंमत म्हणजे करासकट. चिरलेलं लाकूड ४३,००० चं असलं तरी १८ टक्के धरून ५०,७४० होतात, म्हणजे छिंदवाड्याला जाताना ई-वे बिल हवं. उमरेडला जाताना नको. म्हणून आपण बरोबर काठावरच्या चार रकमा घेतल्या, आणि त्या करासकटच्या आहेत. त्यातही जळाऊ लाकूड मध्य प्रदेशात १,००,००१ चं गेलं तरी ई-वे बिल नको, कारण करमाफ मालाला ते लागतच नाही. माल, राज्य, रक्कम असे तीन नियम एकमेकांवर चढलेत, आणि चूक अशा सांध्यातच लपते. हे एकशेवीस उगाच वाढवलेले नाहीत.

मग अडचण कुठे येते?

वेळेत. समजा प्रत्येक टेस्टला रिकामा डेटाबेस उभा करायचा, बिल बनवायचं, पीडीएफ काढायची, यात दोन सेकंद जातात. १२० टेस्टना २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटं. एकदा चालवायला काही नाही. पण मध्य प्रदेशच्या बिलात एक ओळ बदलायची, चालवायचं, पुन्हा बदलायची, पुन्हा चालवायचं, असं दहा वेळा केलं की चाळीस मिनिटं गेली. बाहेर शेठजी उभे.

"बेटा, सिवनीचा ट्रक भरून उभा आहे. बिल केव्हा निघेल?"

"दहा मिनिटं द्या काकाजी, तपासून घेतो."

"मागच्या वेळीही दहाच म्हणाला होतास."

अशा वेळी हात कुठे जातो ते मला माहीत आहे. फिक्स्चरमधली यादी उघडायची, महाराष्ट्र आणि छत्तीसगडपुढे हॅशचं चिन्ह टाकायचं, काम उरकायचं. मग फाइल तशीच सेव्ह, तशीच गिटमध्ये. दुसऱ्या दिवशी १२० ऐवजी ४० टेस्ट चालतात, सगळ्या हिरव्या, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मी शिकवताना यावर फार कडक आहे. व्हॅल्यूंची यादी ही दुकानाची मालयादी आहे. आज प्लायवूड विकायचं नाही म्हणून कोणी स्टॉक रजिस्टरमधून प्लायवूड खोडतं का? यादी पूर्ण ठेवायची, निवड बाहेरून करायची. बाहेरून करायच्या तऱ्हा आहेत, आणि त्या सारख्या नाहीत.

नावानं निवडणं

सगळ्यात हाताशी असलेली तऱ्हा म्हणजे कमांडमध्ये डॅश-के. पायटेस्ट प्रत्येक टेस्टच्या नावापुढे चौकोनी कंसात व्हॅल्यूंचे आयडी जोडतं. डॅश-के पुढे अवतरणात आयडी लिहिला की ज्या टेस्टच्या नावात तो येतो तेवढ्याच चालतात. मध्ये अँड, ऑर, नॉट लिहिता येतं. मध्य प्रदेश अँड नॉट प्लायवूड, असं.

यासाठी आधी आयडी नीट दिलेले हवेत. व्हॅल्यू साधा शब्द किंवा आकडा असेल तर पायटेस्ट तोच आयडी धरतं. पण तुम्ही डिक्शनरी किंवा ऑब्जेक्ट दिलं, तर फिक्स्चरच्या नावापुढे शून्य, एक, दोन असे नंबर लागतात. ग्राहक-शून्य म्हणजे कोण, हे पंधरा दिवसांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. म्हणून फिक्स्चरला आयडीज ही यादीही द्या.

आता डॅश-केची खोड. तो पूर्ण शब्द बघत नाही, अक्षरांचा तुकडा बघतो, आणि लहान-मोठी लिपीही सोडून देतो. समजा छत्तीसगडला तुम्ही इंग्रजी सी-जी हा आयडी दिला आणि डॅश-के सी-जी म्हणून चालवलं. सीजीएसटी लिहितो आपण इंग्रजीत कसं? सी-जी-एस-टी. म्हणजे सीजीएसटीच्या वाटणीची प्रत्येक टेस्ट आत आली, तीही महाराष्ट्राची! जिथे सीजीएसटी लागतच नाही ते राज्य मागितलं, आणि मिळालं नेमकं उलटं. मध्य प्रदेशला एम-पी दिलं तर रिकाम्या बिलाची 'एम्प्टी' नावाची टेस्ट येते, ई-एम-पी-टी-वाय मध्ये मधोमध एम-पी बसलंय. फाइलच्या नावातला तुकडाही धरला जातो. त्यामुळे आयडी जरा लांब आणि दुसरीकडे न येणारा ठेवा. 'राज्य छत्तीसगड' असं अंडरस्कोरनं जोडून, रोमन अक्षरांत.

रोमन का, मराठी का नको? मलाही देवनागरी आवडलं असतं. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. पण आयडीत देवनागरी दिली की पायटेस्ट ती बॅकस्लॅश-यू आणि आकड्यांच्या रांगेत बदलून दाखवतं. वाचताही येत नाही, डॅश-केनं पकडताही येत नाही. हे बंद करायची सेटिंग आहे, मात्र तिच्या लांबलचक नावातच लिहून ठेवलंय की ती लावली तर कम्युनिटीकडून मदत मागायचे सगळे हक्क सोडले. गंमत आहे, पण सांगणाऱ्यांनी मनापासून सांगितलंय.

एकच नेमकी टेस्ट हवी असेल तर फाइलचं नाव, दोनदा कोलन-कोलन, टेस्टचं नाव आणि चौकोनी कंसातला पूर्ण आयडी लिहा. हे सगळं अवतरणात टाका, नाहीतर काही टर्मिनल त्या कंसांचा भलताच अर्थ लावतात.

एखाद्या टेस्टला सगळा माल नकोच असतो तेव्हा

घनफुटाची टेस्ट घ्या. प्लायवूड शीटवर विकलं जातं, खोकी नगावर. त्यांना गोलाईचं सूत्र लावून काय तपासणार? इथे निवड आजच्यापुरती नाही, कायमची आहे, म्हणून ती टेस्टवरच लिहायची. टेस्टच्या डोक्यावर पॅरामेट्राइझचा मार्क, त्यात फिक्स्चरचं नाव, गोल आणि चिरलेलं या दोनच व्हॅल्यू, आणि शेवटी इनडायरेक्ट इक्वल टू ट्रू. मूळ फिक्स्चरमध्ये पाचही तसेच राहतात, या एका टेस्टला दोनच मिळतात.

तो इनडायरेक्ट विसरू नका. तो नसला तर पायटेस्ट एरर देत नाही. ते फिक्स्चर चालवतच नाही आणि 'गोल' हा नुसता शब्द टेस्टच्या हातात देतं. तुम्हाला हवा होता दर, माप, एचएसएन भरलेला तयार माल, हातात आली पाटी. बहुतेक वेळा टेस्ट आपटते आणि कळतं. पण टेस्ट ढिली असेल, म्हणजे 'माल रिकामा नाही ना' एवढंच बघत असेल, तर पाटीसुद्धा पास होते.

दुसरं म्हणजे, इनडायरेक्टनं दिलेली व्हॅल्यू मूळ यादीत आहे का हे पायटेस्ट बघत नाही. स्पेलिंग चुकलं तरी ती फिक्स्चरकडे जाते. म्हणून फिक्स्चरच्या आत माल डिक्शनरीतून नावानं काढा, नाव नसेल तर तिथेच थांबेल.

स्वतःचा स्विच

टालीवरच्या मुलाला डॅश-केची भाषा शिकवण्यापेक्षा 'राज्य बरोबर मध्य प्रदेश' असा सरळ स्विच दिला तर बरं. तो कॉनफटेस्ट फाइलमध्ये करायचा. पायटेस्ट-अ‍ॅडऑप्शन या हुकमध्ये पर्याय जोडायचा, आणि मग दोन वाटा आहेत.

पहिली वाट, टेस्ट तयार होतानाच कमी व्हॅल्यू द्यायच्या. त्यासाठी जनरेट-टेस्ट्सचा हुक आहे. मात्र त्यात फिक्स्चरवर पॅरम्स लिहायचे नाहीत, यादी हुकमध्येच ठेवायची. दोन्हीकडे लिहिलीत तर एकाच नावाची दोनदा यादी झाली म्हणून पायटेस्ट अडतं.

दुसरी वाट, सगळ्या टेस्ट तयार होऊ द्यायच्या आणि मग नको त्या गाळायच्या. कलेक्शन-मॉडिफाय-आयटेम्स या हुकमध्ये प्रत्येक टेस्टच्या कॉलस्पेकमध्ये तिला मिळालेल्या व्हॅल्यू नावासकट असतात. राज्य जुळलं नाही की ती टेस्ट बाहेर. ज्या टेस्टला व्हॅल्यू नाहीतच तिच्याकडे कॉलस्पेकही नसतो, ते आधी तपासा. आणि गाळलेल्या टेस्ट डीसिलेक्टेड म्हणून कळवायला विसरू नका, म्हणजे शेवटच्या ओळीत '८० डीसिलेक्टेड' असा आकडा दिसतो.

माझं मत दुसऱ्या वाटेला, एका कारणासाठी. स्विचमध्ये टाइप करताना चूक झाली, मध्य प्रदेशऐवजी कोणी 'मध्यप्रेदश' लिहिलं. पहिल्या वाटेत यादी रिकामी होते, आणि रिकाम्या यादीला पायटेस्ट त्या टेस्ट स्किप करतं. शेवटी एरर नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे यशस्वी. एकही बिल तपासलं गेलं नाही आणि ट्रक निघाला. दुसऱ्या वाटेत सगळ्या टेस्ट गळतात, चालवायला काहीच उरत नाही, आणि एक्झिट कोड पाच येतो, म्हणजे टेस्ट सापडल्याच नाहीत. डॅश-केलाही काही न जुळल्यास पाचच येतो. पहिली वाटच घ्यायची असेल तर रिकाम्या यादीची सेटिंग 'फेल ॲट कलेक्ट' करून ठेवा. मग तिथेच आरडाओरडा होईल.

टेस्टच्या आतच 'हे राज्य नसेल तर स्किप' असंही काही जण लिहितात. निवडीसाठी ते नको. टेस्टच्या आत पोचेपर्यंत तिची फिक्स्चरं उभी झालेली असतात, डेटाबेस बनलेला असतो. दोन सेकंदांतले बरेच खर्च होऊन गेले, वाचलं काय? स्किप ठेवा ते खरंच जमणार नसेल त्यासाठी. बिलाचा प्रिंटर जोडलेला नाही, इंटरनेट नाही, अशा वेळी.

एक शेवटची जागा तपासा. पायटेस्टच्या आयएनआय फाइलमध्ये अ‍ॅडऑप्ट्स नावाची ओळ असते, त्यात लिहिलेलं प्रत्येक वेळी आपोआप लागतं. तिथे कोणी डॅश-के टाकून ठेवला असेल, तर हॅशचं चिन्ह टाकण्याचाच तो दुसरा अवतार आहे. आपली पद्धत अशी ठेवा: हाताखाली काम चालू असताना एक राज्य, एक माल. दुकानात नवी आवृत्ती टाकायच्या आधी, आणि दर बदलाची बातमी आली की त्याच दिवशी, कुठलाही स्विच न लावता पूर्ण १२०. चार मिनिटंच लागतात, तेवढ्यात चहा होतो.

या आठवड्याचा सराव. टेस्ट न चालवता नुसती यादी बघायला कलेक्ट-ओन्ली हा पर्याय आहे, सोबत डॅश-क्यू लावा. एकाच टेस्टला चारही फिक्स्चर जोडा. काही न निवडता १२० दिसायला हव्यात, फक्त मध्य प्रदेश निवडल्यावर ४०, मध्य प्रदेश आणि जळाऊ निवडल्यावर ८. त्या ८ पैकी किती बिलांना ई-वे बिल लागतं, ते चालवायच्या आधी कागदावर लिहून ठेवा.